कोन हाय तिकडं

राधाकिसन आधीच हट्टी माणूस, त्यात मेंढपाळ. चाळीस वर्षं मेंढ्यांमागं हिंडलेल्या माणसाला कोणाचं ऐकून घ्यायची सवय राहत नाही. तो हाळी देतो आणि शंभर जनावरं वळतात. माणसांनीही तसंच वळावं, असं त्याला वाटायचं. बायको गोपिकाबाई वळायची. पोरगं अंगद वळायचं नाही, आणि सगळा घोळ तिथंच झाला.

अंगद रॅप करायचा. ज्याला गाता येत नाही तो भराभरा बोलतो, एवढंच राधाकिसनला त्यातलं कळलं होतं. पण कुंभार पिंपळगावच्या आठवडी बाजारात एकदा अंगद कांद्याच्या टेम्पोवर चढला, कांदेवाल्याचाच माईक हातात घेतला आणि पारावर दिवसभर पत्ते कुटणाऱ्यांची अशी काही हजेरी घेतली, की बाया पिशव्या खाली ठेवून हसायला लागल्या. राधाकिसन तिथंच लोकर विकायला आला होता. त्यानं पोराला खाली ओढलं आणि सगळ्यांदेखत थोबाडीत दिली.

"मेंढरं राखायची सोडून तमाशा करून राह्यला का?"

बावीस वर्षांचं पोर. त्याच दिवशी जालन्याला पप्पू नावाच्या दोस्ताच्या खोलीवर राहायला गेलं. त्यानंतर अकरा महिने बापलेकांचा अबोला. अंगद आईला भेटायला यायचा, तो बाप रानात गेलेला बघून. अकराव्या महिन्यात शहागडच्या पुढं हायवेवर त्याची मोटारसायकल घसरली, आणि अबोला तसाच राहून गेला.

पोरगं गेल्यावर आठ दिवसांनी पप्पूनं त्याचं शेवटचं गाणं मोबाइलवर सोडलं. ते कुठं कुठं पोचलं, त्याचा पत्ता कोणालाच नाही. शहागडच्या ढाब्यावर ट्रकवाले ते लावायला लागले. शाळेतली पोरं बाकावर ताल धरून म्हणायला लागली. ज्यांची त्यानं भर बाजारात लाज काढली होती ते पत्तेवालेसुद्धा आता 'आपला अंगद' म्हणत होते. आणि जो तो राधाकिसनला सांगायचा, "पोरानं तुला गाण्यात घेतलंय बरं का."

हे ऐकलं की राधाकिसन तिथून काढता पाय घ्यायचा. अंगदनं गाण्यात घेतलं की माणसाचं काय होतं, ते त्यानं बाजारात डोळ्यांनी बघितलं होतं. मग ज्या बापानं चारचौघांत थोबाडीत मारली, त्याची काय आरती ओवाळली असणार? गोपिकाबाई सांगायला लागली की तो काठी उचलून रानात निघायचा. पप्पू दोनदा येऊन गेला, दोन्ही वेळा चहासुद्धा न घेता परतला. लोकांना वाटायचं, म्हातारा अजून रागात आहे. राग कुठला, त्याला भीती होती. पोरगं आपल्यावर रुसून गेलं, हे तो मनाशी धरून होता. ते पोराच्याच तोंडून ऐकायची त्याची छाती नव्हती.

वर्षश्राद्ध आलं. सकाळी कीर्तन, मग जेवणं, असं ठरलं. घरापुढं मंडप टाकला. मेंढ्या त्या दिवशी चरायला नेल्या नाहीत. लगतच्या रानात जाळीच्या कुंपणात ठेवल्या. राधाकिसननं पप्पूला आधीच बजावलं होतं, "जेवायला ये. गाणं बिलकुल लावायचं न्हाई."

पण माणसं जमली ती काही कीर्तनासाठी नव्हती. कॉलेजची पोरं आली, दोन ट्रकवाले आले. भोकरदनहून दैवशाला नावाची एक बाई एसट्या बदलत बदलत आली. ती राधाकिसनपुढं येऊन थांबली.

"आमी बाया कापूस येचताना अंगदभाऊचं गाणं म्हणतो," ती म्हणाली. "तुमीच का ते गाण्यातले आप्पा?"

आणि त्याच्याकडं बघतच राहिली. त्या बघण्याचा अर्थ लावायची राधाकिसनची हिंमत झाली नाही. तो मान खाली घालून मंडपात मागं जाऊन बसला.

तेवढ्यात कीर्तनकार महाराजांचा फोन आला, गाडी वाटेत बंद पडली, तासभर लागेल. मंडपात चुळबुळ सुरू झाली. तशी गोपिकाबाई उठली.

"पप्पू, लाव."

"अगं..." राधाकिसन म्हणाला.

"आवं, वर्ष झालं, तुमच्यापायी मी गप्प हाय. मला माझ्या लेकराचा आवाज मोठ्यानं ऐकायचाय. तुमाला नको असंल तर रानात जा."

लग्नाला सव्वीस वर्षं झाली, ही बाई असं कधी बोलली नव्हती. राधाकिसनला उठताही येईना.

कीर्तनासाठी आणलेल्या भोंग्याला पप्पूनं मोबाइल जोडला. आधी नुसता वारा ऐकू आला. मग एक घंटी किणकिणली. आणि मग भोंग्यातून खणखणीत आवाज आला, "हुर्रर्र... याऽ याऽ याऽ..."

ती राधाकिसनचीच हाळी होती. जीभ अशी वळवणारा पंचक्रोशीत दुसरा कोणी नव्हता. हे त्याच्या ध्यानात येईपर्यंत मेंढ्यांच्या आधीच आलं होतं. मालक बोलावतोय म्हटल्यावर त्या कशाला थांबतात? खुंट्या उपटल्या, जाळी आडवी झाली, आणि गळ्यात घंटी असलेल्या लाडीच्या मागं शंभर मेंढ्या मंडपात घुसल्या. बायांनी लुगडी सावरली, कोणी पत्रावळींचा गठ्ठा उचलला, पोरं खुर्च्यांवर चढली. मेंढ्या थेट भोंग्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या आणि मालक कुठं दडलाय ते बघायला लागल्या. सगळा मंडप हसत होता.

राधाकिसन हसत नव्हता. भोंग्यातून पुन्हा त्याचाच आवाज आला होता, "कोन हाय रं तिकडं?"

त्याला अबोल्याच्या दिवसांतली एक सांज आठवली. रानात बाभळीआड कोणीतरी उभं असल्यासारखं वाटलं होतं. त्यानं आवाज दिला, उत्तर आलं नाही. कुत्रं भुंकलं नव्हतं, नुसती शेपटी हलवत होतं. त्याचं नवल करत, कोणीतरी परसाकडं बसला असेल म्हणून तो मेंढ्या घेऊन पुढं गेला होता.

भोंग्यात ताल सुरू झाला आणि अंगद बोलायला लागला.

मी हाय आप्पा, अंगद हाय,
तुमच्या हाळीला चुकला न्हाई पाय.
गालावर हायत तुमची बोटं पाच,
घरचाच शिक्का तो, त्याचा कसला जाच?
शंभर मेंढरं वळली ऐकून तुमची हाळी,
एकशेएकावं उभं हाय बाभळीखाली.
त्याचंबी नाव घ्या की, आप्पा, एकदा सांजकाळी.

पुढंही गाणं होतं, पत्तेवाले होते, पाण्याचे हंडे होते, पोरं तोंडपाठ म्हणत होती. राधाकिसनला त्यातलं काही ऐकू आलं नाही. त्याच्या डोळ्यांतून धार लागली होती आणि ती पुसायचंही त्याला सुचत नव्हतं. वर्षभर तो ज्याला घाबरून पळत होता, ते एवढंच होतं.

गाणं संपलं. मेंढ्या मंडपातच उभ्या, त्यांना परत कोण नेणार म्हणून सगळे राधाकिसनकडं बघायला लागले. तो उठला, मेंढ्यांमधून वाट काढत पप्पूजवळ गेला.

"मी इचारतो ना, तेवढंच लाव."

पप्पूनं लावलं. कोन हाय रं तिकडं? मी हाय आप्पा, अंगद हाय.

"बस," राधाकिसन म्हणाला.

तो काठी न घेताच रानाकडं चालू लागला. पप्पू पळत पुढं गेला आणि आडवी झालेली जाळी उभी करायला लागला. कुंपणाच्या तोंडाशी उभं राहून राधाकिसननं बाभळीकडं तोंड केलं आणि हाळी दिली. "हुर्रर्र... याऽ याऽ याऽ..." आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदाच हाळीच्या शेवटी एक नाव जोडलं, "अंगदाऽ..."

मंडपातून मेंढ्या निघाल्या. लाडी पुढं, बाकीच्या मागं, शिस्तीत आत गेल्या. पप्पू जाळीचं तोंड बांधायला वाकला. राधाकिसननं त्याचा हात धरला.

"काका, आल्या की सगळ्या," पप्पू म्हणाला.

"न्हाई," राधाकिसन म्हणाला. "एक यायचंय अजून. ऱ्हाऊ दे जरा उघडं."