ठिपक्यांच्या रेषेवरची रजा

गुरुवारी सकाळी अकराला बायकोच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की घरचं माणूस जवळ हवं आणि पुढचे तीन दिवस दर दोन तासांनी डोळ्यात थेंब घालायचे. घरात माणूस मी एकटाच. सोमवारी मी तीन दिवसांच्या रजेचा अर्ज घेऊन निघालो, आणि तिथून माझ्या नाकीनऊ यायला सुरुवात झाली.

आमची कंपनी पाण्याचे पंप बनवते. त्या पंपांसोबत मिळणाऱ्या माहितीपुस्तिका मी लिहितो. त्या कोणी वाचत असेल असं मला खात्रीने सांगता येत नाही. एकतीस वर्षं माझा अर्ज समोरच्या टेबलावरच्या मॅनेजरकडे जायचा आणि चहा संपायच्या आत मंजूर होऊन यायचा. पण महिन्यापूर्वी कोण कोणाच्या हाताखाली, याचा नवा तक्ता लागला. एका रात्रीत सहा व्हाइस प्रेसिडेंट झाले. त्यांतल्या एकाच्या हाताखाली तर फक्त त्याचा ड्रायव्हर होता.

एचआरच्या बाईंनी तक्त्यावर बोट ठेवलं. माझी चौकट 'चीफ नॉलेज ऑफिसर' या चौकटीखाली होती आणि वरची चौकट रिकामी. ती जागा अजून भरलेली नव्हती. बाई म्हणाल्या, रजा फक्त थेट वरिष्ठच देतो, त्यामुळे त्यांचा नाइलाज आहे.

मग मी भोंग्याकडे गेलो. हे आमचे प्रॉडक्शनचे जनरल मॅनेजर. त्यांची कुजबुज गेटवरच्या वॉचमनलाही ऐकू जाते. माझं सगळं काम तेच देतात, म्हणून आशा होती. त्यांनी अर्ज वाचला, बायकोची चौकशी केली आणि कागद माझ्याकडे सरकवला.

"अहो, तक्त्यात तुमची माझ्याकडे येणारी रेषा ठिपक्यांची आहे. ठिपक्यांवरून मी काम पाठवू शकतो, रजा नाही. आणि बारा नंबर पंपाची पुस्तिका शुक्रवारी द्या बरं का."

मंगळवारभर सहापैकी चार व्हाइस प्रेसिडेंटनी मला एकमेकांकडे टोलवलं. पाचवा टूरवर होता. सहाव्याने प्रामाणिकपणे कबूल केलं की आपल्याकडे काय येतं हे त्यालाही अजून कळलेलं नाही.

खरी चीड मला माझीच येत होती. हा तक्ता छापायला जाण्याआधी तपासायला माझ्याकडेच आला होता. माझ्या डोक्यावरची रिकामी चौकट मला तेव्हाच दिसली होती. पण एवढ्या मोठ्या लोकांनी केलंय, म्हणजे काहीतरी विचार असेल, आपल्यालाच समजत नसेल, असं वाटून मी दोन स्वल्पविराम बसवले आणि कागद परत दिला.

बुधवारी दुपारी सीईओंच्या सेक्रेटरीबाईंनी नियमांची फाइल काढली. वरिष्ठाची जागा रिकामी असेल तर तिचे अधिकार त्या विभागातल्या सर्वांत ज्येष्ठ कर्मचाऱ्याकडे.

"तुमच्या विभागात आणखी कोण आहे?" त्यांनी विचारलं.

"मीच."

"मग सुटलात की. करा सही."

अर्जावर 'वरिष्ठाचा शेरा' असा रकाना होता. त्यापुढे मी बराच वेळ पेन धरून बसलो. बारा नंबरच्या पुस्तिकेचं काय, असं मनात आलंच. शेवटी 'मंजूर' लिहिलं.

तासाभराने मेल आला. प्रभारी चीफ नॉलेज ऑफिसरनी गुरुवारी अकरा वाजता सर्व प्रमुखांच्या मीटिंगला हजर राहावं. येता येत नसल्यास विभागातला कनिष्ठ माणूस पाठवावा.

संध्याकाळी घरी हा मेल वाचून बायको हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही. "मी एकटी जाईन रिक्षाने," म्हणाली आणि पिशवीत टॉवेल भरू लागली. त्या टॉवेलच्या घड्या ती नेहमीपेक्षा फार नीट घालत होती. मी तिथेच बसून उत्तर लिहिलं. आपल्याला काही अडचणीमुळे येता येणार नाही. विभागात एकच कनिष्ठ माणूस आहे आणि तो रजेवर आहे, सबब कोणी येऊ शकणार नाही. पाठवण्याआधी सातदा वाचलं. मग पाठवलं.

ऑपरेशन वेळेवर झालं. पट्टी बांधून तिला बाहेर आणलं, तेवढ्यात फोन वाजला. भोंगा. मीटिंगमधूनच बोलत होते. बारा नंबरबद्दल कोणाला काही सांगता येत नव्हतं.

"कामाच्या ऐन वेळी तुमच्या माणसाला रजा दिलीच कोणी?"

तो माणूस मीच, हे बोलताना त्यांच्या ध्यानात आलं की नाही, देव जाणे. मीही जरा गोंधळलो.

"मी दिली," मी म्हणालो. "सोमवारपर्यंत तो येणार नाही."

भोंग्याकडून शांतता मी पहिल्यांदाच ऐकली. मी फोन बंद करून खिशात टाकला.

"कोणाला दटावलंत?" बायकोने पट्टीखालून विचारलं.

"कोणाला नाही. वर बघ, थेंब घालायचेत."

मी पट्टी हळूच वर केली. पहिला थेंब गालावर पडला. दुसरा नीट गेला.