आबिदाबाईंच्या दारावरची हाक

मी आबिदाबाईंच्या शिलाई मशीनवर टांगलेला बल्ब बोलतोय. उजेड काय, कुठलाही बल्ब देतो. माझं खरं काम हाक मारण्याचं आहे. हसू आलं असेल तर खुशाल हसा, पण माझं सगळं ऐकून घ्या.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. आम्ही बिनतारी बल्ब. आम्हाला विकायला काढण्याआधी आमच्या थोरल्या भावंडांना एका प्रयोगशाळेत नेलं. तिथे परक्या कंपन्यांची बटनं, कुलुपं, पंखे त्यांच्यासमोर मांडले. कुणीही ठरलेल्या सामाईक भाषेत हाक मारली की ओ द्यायची, आणि वीज जाऊन आली तरी ओळख विसरायची नाही. भावंडं पास झाली आणि प्रमाणपत्राची खूण आम्हा सगळ्यांच्या खोक्यांवर छापली गेली. परीक्षा त्यांनी दिली आणि ऐट मी करतो, हे मला मान्य आहे.

गोंडपिपरीला बसस्टँडजवळ मुश्ताकचं विजेच्या सामानाचं दुकान आहे. तिथून मी आबिदाबाईंकडे आलो. आबिदाबाई त्याच्या मावशी. चाळीस वर्षं त्या नाटकांचे कपडे शिवतात. दिवाळीनंतरची मंडई, म्हणजे गावोगावची नाटकांची जत्रा, जवळ आली की आसपासच्या गावांतून राजाचे अंगरखे, हवालदाराचे गणवेश, खलनायकाची जाकिटं असं सगळं त्यांच्याकडे येतं.

पण चार-पाच वर्षांत त्यांचे कान पार गेले. दाराकडे पाठ करून मशीनवर वाकल्या की दार कुणी फोडलं तरी पत्ता नाही. दार उघडं ठेवावं तर वानरं आत येऊन कापडं ओढतात. गिऱ्हाईक ठोठावून ठोठावून कंटाळायचं आणि दुसरीकडे जायचं. नागपूरचा मुलगा अजीम सारखा बोलवायचा. शेवटी त्यांनी त्याला शब्द दिला की यंदाच्या मंडईचं कामही हातचं गेलं तर मशीन विकून येईन. शब्द दिला खरा, पण त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

मुश्ताकने आधी एका कंपनीची बेल आणि दुसऱ्या कंपनीचा बल्ब आणून पाहिला होता. दोघांचे मोबाइलमधले ॲप वेगळे, तोरे वेगळे. एकाच घरात राहून ते एकमेकांना ओळख देईनात. मग त्याने खोक्यावरची खूण बघून तिघं निवडले: दारावरची बेल, निरोप पोचवणारा छोटा पांढरा डबा आणि मी. तिघं तीन कंपन्यांचे, तरी पाच मिनिटांत आमचं जमलं. बेल दाबली की मी तीनदा लुकलुकायचो. आबिदाबाईंनी मुश्ताकला अकरा वेळा बाहेर पाठवून बेल दाबायला लावली आणि अकराही वेळा त्या लहान मुलीसारख्या हसल्या. मला फार बरं वाटलं.

मंगळवारी दुपारी शेजारच्या गावच्या नाटक मंडळाचा निकेश कापड घेऊन यायचा होता. त्याच्या आधी शेजारीण शकुबाई येऊन गेल्या. त्या नेहमी मागच्या दाराने येतात आणि खांद्याला हात लावून आबिदाबाईंना बोलावतात. बाई मायाळू, पण कुठल्याही घरातून निघताना चालू बटन दिसलं की त्यांना चैन पडत नाही. मी विझलेलाच होतो, हाकेची वाट बघत. त्यांनी जाता जाता भिंतीवरचं बटन खट्‌कन बंद केलं. आमच्या त्या परीक्षेत सगळं होतं, फक्त शकुबाईंचं बोट नव्हतं.

निकेशने चार वेळा बेल दाबली. हे मला बेलनेच नंतर सांगितलं. मला वीजच नव्हती, मी काय करणार! तो गठ्ठा घेऊन बसस्टँडवर गेला आणि मुश्ताकला म्हणाला की चाची घरी नाहीत, कापड दुसरीकडे देतो. मुश्ताक त्याला तसाच ओढत शकुबाईंच्या अंगणातून मागच्या दाराने घेऊन आला.

दोघांना मागून आलेलं पाहून आबिदाबाई समजल्या की हीही हाक हुकली. त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं आणि मशीनवर खोळ घातली.

"अजीमले फोन लाव," त्या मुश्ताकला म्हणाल्या. "सांग, अम्मी येऊन राह्यली."

मुश्ताकचा चेहरा उतरला. मला काढून बघायला तो स्टुलावर चढला आणि बटन बंद करायला हात पुढे केला, तर ते आधीच बंद. "हे कोनं बंद केलं?" त्याने विचारलं. गडबड ऐकून शकुबाई मागोमाग आल्याच होत्या.

"मीच केलं," त्या म्हणाल्या. "दिवा तर लागून नव्हता, मंग बटन काऊन चालू ठेवाचं?"

मुश्ताकने बटन दाबलं आणि निकेशला बाहेर पिटाळलं. बेल वाजली. मी जीव तोडून लुकलुकलो. आबिदाबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग शकुबाईंकडे, आणि त्यांना असं हसू फुटलं की डोळे पुसावे लागले. त्यांनी मशीनवरची खोळ ओढून काढली, राजाच्या अंगरख्यातून उरलेलं लाल साटीन घेतलं आणि दहा मिनिटांत बटनाला झाकण शिवलं, दोन हुकांचं. तोवर निकेशने कापडाचा गठ्ठा सोडून त्यांच्यापुढे मांडला होता.

मंडई होऊन गेली. नाटकातल्या राजाचा अंगरखा गावाने वाखाणला म्हणे. अजीमचा व्हिडिओ कॉल येतो तेव्हा आबिदाबाई मोबाइलच्या पडद्याकडे बघून सांगतात की सध्या फुरसत नाही. मी मशीनवर कापडाची धूळ अंगावर झेलत मजेत आहे. तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. आमच्यासारखं काही विकत घेताना खोक्यावरची खूण बघा, आणि घरी लावल्यावर भिंतीवरच्या बटनाला हात लावू नका.

शकुबाई आता मागच्या दाराने येत नाहीत. गुडघे दुखत असले तरी सगळा वळसा घालून पुढे जातात आणि बेल दाबतात. बऱ्याचदा काही कामही नसतं. मी लुकलुकतो. आबिदाबाई मशीन थांबवतात, वळतात आणि दाराकडे जाता जाता मोठ्याने म्हणतात, "ऐकलं वो शकुबाई, ऐकलं."