फुकटातलं विंडोज

निपाणीच्या स्टँडसमोर ओमकारचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. गेल्या बारा वर्षांत त्या दुकानातून एकही लॅपटॉप विंडोजशिवाय बाहेर पडलेला नाही, याचा ओमकारला कोण अभिमान! स्वस्तातले लॅपटॉप कंपनीकडून पुष्कळदा विंडोजऐवजी लिनक्स नावाची फुकट मिळणारी प्रणाली घालूनच येतात, पण निपाणीत ते कुणी पाहिलं असेल तर शपथ. खोकं फुटलं की ओमकार आधी लिनक्स पुसायचा आणि वर विंडोज चढवायचा. ते कुठलं, परवान्याचं की बिनपरवान्याचं, हे गिऱ्हाईक विचारत नसे आणि तोही सांगत नसे. वर बॅग आणि माउस फुकट. लिनक्स इंजिनिअर लोकांनी वापरावं, साध्या माणसाला ते झेपत नाही, असं त्याचं ठाम मत होतं. त्यानं स्वतः ते एकदाही वापरलं नव्हतं, त्यामुळे मत ढळायचा प्रश्नच नव्हता.

सोमवारी शेवंताबाई आल्या. वय सत्तरीच्या घरात, चाळीस वर्षं बिड्या वळून बोटं वाकडी झालेली. त्यांची मुलगी पारमिता बेळगावात वकील, तिनंच आपला जुना लॅपटॉप आईला दिलेला. त्याची चार्जिंगची पिन सैल झाली होती. बाकी काही तक्रार नव्हती.

पिन दहा मिनिटांत बसली. चालतंय का बघावं म्हणून ओमकारनं लॅपटॉप सुरू केला आणि त्याचं काळीज गलबललं. आत लिनक्स! एवढ्या शिकलेल्या पोरीनं सख्ख्या आईच्या गळ्यात हे असलं बांधावं? शेवंताबाई घरी गेल्या होत्या. फोन करून विचारता आलं असतं, पण भलं करायला कुणी परवानगी मागतं का?

एक नियम मात्र तो इमानानं पाळायचा. सी ड्राइव्ह पुसायची, डीला हात लावायचा नाही. कारण अख्खा तालुका आपले फोटो, सातबारे आणि लग्नपत्रिका डी ड्राइव्हमध्येच ठेवतो. त्यानं डी शोधली. डी नव्हतीच; लिनक्समध्ये सी-डी अशी नावंच नसतात, हे त्याला कुठून ठाऊक असणार? म्हणजे डेटाही नाही, असा हिशेब करून त्यानं सगळं पुसलं आणि नवंकोरं विंडोज बसवलं. पडद्यावर गुलाबाची फुलं लावली. पिनेचे तेवढे पैसे घ्यायचे, असं ठरवून तो स्वतःवरच खूश झाला.

मंगळवारी सकाळी शेवंताबाईंनी दुकानातच लॅपटॉप उघडला आणि गुलाबांकडं बराच वेळ पाहत राहिल्या.

"माझं लिवल्यालं कुठं गेलं रं?"

"काय लिवल्यालं, आज्जी?"

"बिडीच्या कामाचं. आठ म्हैनं लिवत हुतो मी, चाळीस फायली झाल्या. येत्या रविवारी कडोलीच्या साहित्य संमेलनात वाचायचं हाय. नाव छापून आलंय पत्रिकेत."

आपण काय पुसलं ते ओमकारला आत्ता कळलं. तोंडातून मात्र भलतंच निघालं. "आज्जी, तुमास्नी त्ये लिनक्स वापराय येत हुतं?"

"का? अवघड असतंय व्हय?" शेवंताबाईंनी विचारलं. "मला कुणी सांगितलंच न्हाय."

ओमकारनं भराभर फोनवर व्हिडिओ लावले. पुसलेलं परत आणायचं तर काय करावं? प्रत्येक व्हिडिओतला मास्तर एकच सांगत होता. लॅपटॉप तसाच बंद कर, नाहीतर उरलंसुरलंही जाईल, आणि पेनड्राइव्हवरनं लिनक्स चालू कर. बारा वर्षं ज्याची हकालपट्टी केली, त्यालाच पाट मांडून बोलवायची पाळी आली. लिनक्स फुकट उतरलं, वीस मिनिटांत चालूही झालं. आणि ओमकार नव्या नवरीसारखा पडद्यापुढं बावरून बसला. विंडोजच्या सवयीनं खालच्या कोपऱ्यात बोट दाबावं तर तिथं काहीच नाही.

"तिथं न्हाय रं," स्टुलावरून शेवंताबाई म्हणाल्या. "वर डाव्या अंगाला बघ. हां, त्ये दाब. आता फायलीचं चित्र. लई घाई करू नगं, मलाबी पयल्या दिवशी असंच झालतं."

दुपारपर्यंत फायली निघायला लागल्या, पण नावं हरवून, नुसते आकडे लेवून. म्हणून एकेक उघडायची, ओमकारनं मोठ्यानं वाचायची आणि शेवंताबाईंनी सांगायचं, ही कितवी. एकीत त्यांनी लिहिलं होतं, की पारमिता तीन महिन्यांची असताना मांडीवर ती आणि तिच्यावर पानतंबाखूचं सूप, आणि पोर शिंकली की बाकीच्या बाया हसायच्या. ओमकारला पुढं वाचवेना. त्याची आईही बिड्याच वळायची. तिला त्यानं यातलं कधी काही विचारलं नव्हतं, आणि आता ती राहिली नव्हती.

चाळीसातल्या एकतीस फायली मिळाल्या. रविवारी वाचायची होती, नेमकी तीच मिळाली नाही. त्या जागेवर विंडोज बसलं होतं. ओमकारनं पुन्हा शोधलं, तिसऱ्यांदा शोधलं. शेवटी त्याला शरमेनं मान वर करवेना.

"आज्जी, चुकलो मी," तो म्हणाला. "तुमी नुसतं बोला, मी टाइप करतो. माझा हात फास्ट हाय, तासाभरात सगळं लिवून देतो."

शेवंताबाईंनी त्याच्याकडं मायेनं पाहिलं. रागाचा लवलेश नव्हता, आणि तेच त्याला जास्त लागलं.

"नगं रं बाळा," लॅपटॉप आपल्याकडं ओढून घेत त्या म्हणाल्या. "तू मनाचा लई चांगला हैस. माझ्या भल्यासाठी तू त्यातलं कायतरी बदलशील."

आणि त्या वाकड्या बोटानं एकेक अक्षर शोधत पहिली ओळ लिहायला लागल्या.