तिसऱ्या पायरीवरचा माणूस

आईच्या दोन्ही अंगठ्यांची टोकं एकमेकांना टेकलेली होती. ध्यानाला ती नेहमी तशीच बसते: मांडीवर डाव्या तळव्यात उजवा हात आणि अंगठे जेमतेम टेकलेले. मन स्थिर असलं की तो स्पर्श हलका राहतो, डुलकी लागली की अंगठे सुटतात. आज मात्र ती ते इतके दाबत होती, की नखांखालचं रक्त मागे सरून नखं पांढरी पडली होती. हे मला दिसलं, म्हणजे ध्यान माझंही लागत नव्हतं.

आमचा गट टायरच्या दुकानावरच्या खोलीत जमतो. खालून रबराचा वास येतो, वरून उदबत्तीचा, आणि जिन्यात दोघांची गाठ पडते. समोर बुद्धाची लहानशी मूर्ती, एक दिवा, आणि शेजारी घंटा घेऊन नर्सबाई. त्या निवृत्त झाल्या, पण त्यांच्या आवाजातला वॉर्ड काही निवृत्त झालेला नाही. ‘श्वास मोकळा सोडा,’ असं त्यांनी म्हटलं की माणूस आधी श्वास रोखून धरतो.

आज ‘मैत्री भावना’ हे ध्यान होतं. तिच्या पाच पायऱ्या. आधी स्वतःचं भलं चिंतायचं, मग मित्राचं, मग तटस्थ व्यक्तीचं, म्हणजे जिच्याबद्दल आपल्याला ना माया ना राग. चौथ्या पायरीवर जिच्याशी पटत नाही ती, आणि शेवटी सगळेच. बहुतेकांचं घोडं तिसऱ्या पायरीवर अडतं. “पोस्टमन घ्या, बँकेच्या काउंटरवरची बाई घ्या,” नर्सबाई सांगतात. आईनं अगदी सुरुवातीला घड्याळवाले घेतले होते.

तेव्हा ते गटात येत नव्हते. आईचं कपडे अल्टर करायचं दुकान आणि त्यांचं घड्याळदुरुस्तीचं, मध्ये एक भिंत. इतक्या वर्षांत त्यांच्यातलं बोलणं म्हणजे “शटर जरा धरता का?” एवढंच. याहून तटस्थ माणूस शोधूनही मिळाला नसता. आई रोज त्यांचा चेहरा डोळ्यांपुढे आणून म्हणायची, सुखी असा, निरोगी असा. काही महिन्यांनी मला म्हणाली, “अगं, तो माणूस दुपारी जेवतो तरी का? डबा उघडल्याचा आवाज कसा तो येत नाही.” मग आमच्या घरातली घड्याळं आळीपाळीनं बिघडायला लागली. त्यातलं एक मी तपासून पाहिलं. सेकंदाचाही फरक नव्हता. मी ते मुकाट्यानं तिच्या पिशवीत परत ठेवलं.

पुढे आईच्याच आग्रहानं ते इथे यायला लागले. गेल्या वर्षी आमच्या स्वयंपाकघरात, माझ्यादेखत, त्यांनी तिला विचारलं, “टेलरबाई, लग्न कराल माझ्याशी?” आई म्हणाली, “बघू.” ते ‘बघू’ अजून चालूच होतं. माझी हरकत नाही, हे मी तिला बजावून सांगितलं होतं. “तुझं नाही गं,” ती म्हणायची, “मला एकटीची सवय झालीय. बाबांनंतर ती लावून घेताना काय झालं ते मलाच माहीत. परत मोडायची म्हणजे…” पुढचं ती बोलायची नाही.

आता घड्याळवाल्यांच्या दुकानाची जागा मालकाला परत हवी होती. त्यांच्या मुलानं त्याच्या गावी दुकान पाहून ठेवलं होतं आणि त्याला उद्या सकाळी काय ते कळवायचं होतं. काल शटर लावताना ते आईला म्हणाले, “नाही म्हणालात तरी मनात काही धरणार नाही. पण मग इथे राहून करू काय?”

“आता तटस्थ व्यक्ती,” नर्सबाई म्हणाल्या.

आईनं डोळे उघडले. समोरच्या रांगेत, आमच्याकडे तोंड करून, गुडघ्यांमुळे खुर्चीवर, घड्याळवाले बसले होते. शर्टाचं वरचं बटण चुकीच्या काजात. आई त्या बटणाकडे बघत राहिली आणि घंटा होईपर्यंत तिनं डोळे मिटले नाहीत.

नंतर चहा झाला. “कसं झालं ध्यान?” नर्सबाईंनी विचारलं.

“एकदम शांत,” आमच्या गटातला ड्रायव्हर म्हणाला.

“घोरत होतात तुम्ही.”

“आवाज बाहेर होता, बाई. आत शांतच होतं.”

आई म्हणाली, “मला तिसऱ्या पायरीवर दुसरा कुणीतरी शोधायला हवा.”

“का? आधीचा काय झाला?”

“तो आता चालत नाही तिथे.”

“भांडलात वाटतं,” ड्रायव्हर म्हणाला. “मग ढकला चौथीवर.”

“कोण होता तो?” घड्याळवाल्यांनी भाबडेपणानं विचारलं.

आईला खोटं बोलता येत नाही. “तुम्ही.”

“मी? म्हणजे तुम्हाला मी… ना बरा ना वाईट?”

“मग काय तर! तेव्हा तुम्ही माझे कोण होता?”

“बरोबर आहे,” ते म्हणाले. त्यांनी कप जपून खाली ठेवला, भिंतीला धरून उठले आणि दाराशी जाऊन चपला शोधायला लागले. “बरोबरच आहे. मुलाला आजच फोन करतो मग. उगाच तुम्हाला अवघड नको.”

“अहो, माणसाला वाक्य तरी पुरं करू द्याल की नाही?” आई इतक्या जोरात बोलली की नर्सबाईसुद्धा सरळ बसल्या. “तिथे बसत नाही तुम्ही आता. स्वतःचं भलं चिंतायला डोळे मिटते, तर तिथेही आधीच येऊन बसलेले असता.”

“म्हणजे पहिली पायरी,” ड्रायव्हर म्हणाला.

“गप्प बसा हो तुम्ही!”

घड्याळवाले एक चप्पल घालून तसेच उभे. आईनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली नाही. हे तिचं तिनंच बोलायला हवं होतं.

“मशीन खिडकीकडे सरकवलं की माझ्या दुकानात तुमचं टेबल मावतं,” ती त्यांना म्हणाली. “दुपारी टेप लावून पाहिलं मी. मुलाला सांगा, तिकडचं दुकान नको. आपण लग्न करतोय.”