म्हसोबाची जागा

पार्थ दवाखान्यातून घरी आला त्या दिवशी वस्तीवर सगळ्यांना पेढे वाटले गेले. फक्त अमृतच्या घरात ते पोचले नाहीत.

अमृत हा पार्थचा चुलता. कोल्हारच्या शिवारात, प्रवरेच्या अलीकडे, दोघा भावांची घरं एकाच अंगणात समोरासमोर होती. थोरल्या कल्याणचा मुलगा पार्थ. कल्याणची बायको सविता हिने पार्थच्या अपघातानंतर धाकट्या दिराशी बोलणं टाकलं होतं, आणि का बोलत नाही हे सगळ्या वस्तीला ठाऊक होतं.

त्यांच्या उसाच्या रानात मधोमध म्हसोबा होता. शेंदूर फासलेला, गुडघ्याएवढा दगड. ट्रॅक्टरला दरवेळी त्याला वळसा घालावा लागायचा. उन्हाळ्यात ऊस निघून रान मोकळं झालं तेव्हा अमृतने कल्याणला विचारलं, नारळ फोडला, हात जोडले आणि दगड उचलून बांधावरच्या कडुलिंबाखाली नेऊन बसवला. त्याच आठवड्यात पार्थ कॉलेजातून येताना नगर-मनमाड रस्त्यावर मोटरसायकलवरून घसरला. मांडीचं हाड मोडलं. डोक्याला मार लागला, दोन दिवस पोरगं शुद्धीवर नव्हतं.

"म्हसोबा उठवला आन् माझं पोरगं पडलं," दवाखान्याच्या जिन्यात सविता सगळ्यांसमोर म्हणाली. "तुमी उठवला, भाऊजी."

अमृत काही देवभोळा माणूस नव्हता. म्हैस आटली की लोक लिंबू उतरवतात याला तो हसायचा. पण पार्थ बेशुद्ध होता त्या दिवसांत तो रानात पाणी द्यायला गेला असताना लिंबाखाली थांबला. इकडेतिकडे कुणी नाही हे पाहून त्याने चप्पल काढली आणि म्हणाला, "चुकलं आसंल तर माझ्यावर काढा. पोराला सोडा."

बोलून झाल्यावर त्याची त्यालाच लाज वाटली. तरी छातीवरचा भार थोडा हलका झाला होता, हे त्याला नाकारता येईना. दवाखान्यात नुसतं बाकावर बसायचं, डॉक्टरांचं तोंड बघायचं. इथे निदान काही तरी करता आलं होतं.

पार्थ शुद्धीवर आला. मांडीत सळई बसवली. घरी आल्यावर तो वॉकर धरून अंगणापर्यंत येऊ लागला. हाड जुळायला वेळ लागेल, असं डॉक्टर म्हणाले होते. काळजीचं कारण नाही, असंही म्हणाले होते. सविताने त्यातलं पहिलंच ऐकलं. तिने कल्याणच्या मागे धोशा लावला: म्हसोबा परत जागेवर गेला पाहिजे, तोवर पोराच्या पायाचं हाड जुळणार नाही.

कल्याण संकोचत धाकट्या भावाकडे आला. अमृत म्हणाला, "एवढंच ना? रविवारी ठेवू. मीच उठवला, मीच बसवतो."

अमृतची बायको मोनिका चिडली. "म्हंजे चूक तुमची, हे कबूल केल्यासारखंच झालं की!"

"होऊ दे," अमृत म्हणाला. "वहिनीला बरं वाटलं तर बास."

रविवारी सकाळी कल्याण, सविता आणि अमृत रानात गेले. सविताने दहीभाताचा नैवेद्य घेतला होता, नवा शेंदूर घेतला होता. ती सगळ्यांत पुढे, भरभर चालत होती. कल्याणने जुन्या जागी पाणी शिंपडून माती सारखी केली. अमृत लिंबाखाली वाकला, दगडाखाली दोन्ही हात घातले आणि तो हलवायला लागला.

"थांबा!"

सविता ओरडली होती. तिच्या हातातलं ताट कलंडलं, दहीभात बांधावर सांडला.

"नका हलवू. ऱ्हाऊ द्या तिथंच."

कल्याणला काही कळेना. "आगं, महिनाभर तूच मागं लागली हुतीस ना?"

"व्हय, लागले हुते." ती मटकन बांधावर बसली. "पन म्हसोबा जाग्यावर गेला आन् तरी बी पाय बरा न्हाई झाला तर?"

"मंग डॉक्टर हायेत की."

"तसं न्हाई." ती पदराने तोंड पुसत राहिली. मग जमिनीकडे बघत म्हणाली, "मंग म्हसोबानं केलंच न्हाई, आसं हुईल. मंग मीच केलं, आसं हुईल."

कल्याणने कलंडलेलं ताट उचलून बाजूला ठेवलं.

"मी त्याला फोन लावला हुता त्या दिवशी. येताना जिरं घिऊन ये, एवढंच सांगायला. लई येळ वाजला, उचलला न्हाई. आन् थोड्या येळानं निरोप आला, पोरगं पडलं म्हनून. खिशातनं फोन काढाय गेला आसंल. एका हातानं गाडी धरून. त्या जिऱ्यापायी."

कल्याण हळूच म्हणाला, "हे तू मला सुदीक न्हाई सांगितलं."

"कसं सांगू? म्हसोबा कोपला म्हनलं की जीव थाऱ्यावर यायचा. देव कोपला तर नारळ फोडता येतो, नैवेद्य दाखवता येतो. मीच केलं आसंल तर कुनापुढं फोडू नारळ?"

अमृत अजून वाकलेलाच होता. तो सरळ झाला, हाताची माती झटकली.

"वहिनी, फोन खिशात न्हवताच."

तिने वर पाहिलं.

"दवाखान्यात त्याची पाठीवरची बॅग माझ्याकडंच दिली हुती. मोबाईल आत हुता. टावेलमधी गुंडाळून, चेन लावून. मीच भाईर काढला. काचेला ओरखडा सुदीक न्हवता. तुमचा फोन येऊन गेलेला दिसत हुता त्याच्यावर. त्याला तो ऐकू आला बी नसंल."

"माझी समजूत घालता व्हय, भाऊजी?"

"न्हाई."

"मंग आजपातुर का न्हाई बोलला?"

"तुमच्या मनात हे हाय, हे मला कसं कळावं? तुमी माझ्याशी बोलतच न्हवता."

विश्वास ठेवायचा होता तिला, पण ठेवता येत नव्हता. अमृतने क्षणभर विचार केला. मग तो खाली बसला आणि म्हसोबाच्या शेंदरावर आपला उजवा हात ठेवला.

"ह्याच्या डोक्यावर हात ठिवून सांगतो. फोन बॅगेत हुता."

सविताच्या तोंडून एक मोठा श्वास बाहेर पडला आणि मग ती रडली. कल्याण तिच्याशेजारी बसून राहिला. अमृत पाठ फिरवून उगाच ठिबकची नळी सरळ करू लागला.

घरी आल्यावर ती थेट पार्थकडे गेली, मागोमाग दोघं भाऊ. तो पलंगावर पाय लांब करून आजीने सोललेले भुईमुगाचे दाणे खात होता.

"गाडी चालवताना तुझा फोन कुठं हुता रं?"

"बॅगेत. का?"

"आन् पडला कसा?"

"उसावरनं घसरलो. वळनावर ट्रॉलीतनं ऊस पडला हुता, चाक त्याच्यावर गेलं. दवाखान्यात बाबांना सांगितलं की मी."

सगळ्यांनी कल्याणकडे पाहिलं. तो डोकं खाजवत म्हणाला, "सांगितल्तं त्यानं. पन सगळे म्हसोबा म्हसोबा करत हुते. म्हनलं, उसाचं काय सांगायचं त्यांच्यात."

"मला तर कुनी विचारलंच न्हाई," पार्थ म्हणाला. "येतंय त्ये अंगारा लावून जातंय."

आजी, म्हणजे गोजरबाई, इतका वेळ शेंगा फोडत ऐकत होती. ती म्हणाली, "ऊस पडला, बरुबर हाय. पन तिथंच का पडला? ह्याच्याच चाकाखाली का आला?"

यावर अचानक सविताच हसायला लागली. आधी पदर तोंडाला लावून, मग पदर सोडून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. पार्थ हसला, कल्याणही. गोजरबाईला आपण काय विनोद केला ते कळलं नाही, पण तिलाही बरं वाटलं.

"भाऊजी," सविता म्हणाली, "ऱ्हाऊ द्या त्यांना लिंबाखाली. सावली हाय तिथं." आणि खाली बघत, "तुमाला लई बोलले मी."

"जाऊ द्या, वहिनी. मोनिकानं बाजरीच्या भाकरी टाकल्यात. सगळे तिकडंच जेवायला चला."

जेवण झाल्यावर सविता ताटं उचलायला म्हणून उठली आणि मोनिकाच्या स्वयंपाकघराच्या दारात, उशाला नुसता हात घेऊन आडवी झाली. बोलता बोलताच तिचा डोळा लागला. उन्हं उतरली, म्हशींची धार काढायची वेळ झाली. कल्याण तिला उठवायला आला तेव्हा गोजरबाईने त्याला हाताने मागे ढकललं.

"झोपू दे तिला," ती म्हणाली आणि बादली घेऊन स्वतःच गोठ्याकडे निघाली.