बावीस किलो

अल्पेश गोखिवरे गावातल्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर कामाला होता. कारखान्याची मूळ कंपनी ओसाकाची. तिची स्वतःची अमेरिकन फुटबॉलची, म्हणजे अंगाने धडकून खेळायच्या खेळाची, टीम होती, तिकडच्या लीगमध्ये खेळणारी. अठ्ठ्याण्णव साली पाहणीला आलेल्या इशिदासाहेबांनी कामगारांच्या सामन्यात अल्पेशची कबड्डी पाहिली. चढाईला आलेल्या गड्याला त्याने कंबरेत धरून असा उचलला, की साहेब खुर्चीतून उठलेच.

"वर्षभरात तुला टीममध्ये नेतो म्हणतायत," मॅनेजरने सांगितलं. "वीस किलो वजन वाढव. आणि कबड्डी बंद. गुडघा गेला तर सगळं गेलं."

जिल्हा स्पर्धा आठ दिवसांवर आली होती. गावच्या संघाचा कर्णधार कृष्णा घरी येऊन विनवून गेला, पण अल्पेश बधला नाही. संघ पहिल्याच सामन्यात हरला. गावात त्याच्याशी कोणी धड बोलेना.

तो मात्र अंडी, केळी, भात खात राहिला. सुटीच्या दिवशी खाडीच्या बांधावर भाताच्या पोत्यांना धडका देत सुटायचा. बाप बळीराम नायगावच्या बाजारात भाजी विकताना गिऱ्हाइकाला सांगायचा, "पोरगा जपानला चाललाय." वर्षात वजन बावीस किलोने वाढलं.

मग ओसाकाहून फॅक्स आला. मंदीमुळे कंपनीने टीम बरखास्त केली होती.

"दुसऱ्या कंपनीची टीम असेल ना, साहेब?"

"तिथे तुला कोण ओळखतं?" मॅनेजर म्हणाला. "जा, मशीन थांबलंय."

संध्याकाळी तो थेट मैदानावर गेला. "मला परत घे," कृष्णाला म्हणाला.

"चढाई करून दाखव."

अल्पेश रेषा ओलांडून गेला. पाय जड पडत होते. कोपऱ्यातल्या किरकोळ गड्याने घोटा धरला आणि तो आडवा झाला. कोणी हसलं नाही, तेच त्याला जास्त लागलं. कृष्णाने हात देऊन उठवलं. "वजन उतरव, मग बघू," म्हणाला, पण त्याच्याकडे न बघता.

घरी आई रंभाने सगळं ऐकून घेतलं. "बापाला मी सांगते," एवढंच बोलली. पण बळीरामने ऐकलंच होतं. ओटीवरून त्याचा आवाज आला, "आता बाजारात कंच्या तोंडानं जाऊ? पानी दे जरा."

सकाळी बळीराम बाजाराला जायला उठलाच नाही, तोंडावर पांघरूण ओढून पडून राहिला. अल्पेशने पाळी बुडवली, भाजीची पाटी उचलली आणि बापाच्या जागी जाऊन बसला.

"कधी निघणार जपानला?" पहिल्याच बाईने विचारलं.

"नाय जानार, मावशी."

दुपारपर्यंत तो हेच सांगत राहिला. मग बाजारभर झालं आणि विचारणारंही कोणी उरलं नाही.