पौर्णिमा होती तशी

शाळेतली नोकरी संपली त्या वर्षी चारुशीलाताईंनी कॅमेरा घेतला. अमरावतीत राजापेठेत त्यांचं घर. खाली नवऱ्याचं, मोरोपंतांचं, वकिलीचं ऑफिस आणि वर हे दोघं. भूगोल शिकवण्यात जन्म गेलेला, त्यामुळे पहाटे उठून बाहेर पडायची, ढग आणि पाणी बघत उभं राहायची त्यांना आवड होती. त्या तळ्यांचे फोटो काढत, रिकाम्या रस्त्यांचे काढत, जुन्या घरांच्या दारांचे तर फारच. मोरोपंत म्हणायचे, तुझे फोटो बघून वाटतं गाव सोडून सगळे पळून गेलेत. ताई हसून सोडून द्यायच्या. माणसासमोर कॅमेरा धरायची त्यांना भीती वाटते, हे त्यांनी स्वतःशीसुद्धा कबूल केलं नव्हतं.

अकोल्यात फोटो काढणाऱ्यांचं एक मंडळ होतं. पुष्कर नावाच्या एका बँकेतल्या माणसानं ते जमवलं होतं. महिन्यातून एका रविवारी सगळे एका शाळेच्या हॉलमध्ये जमायचे, आपापले फोटो पडद्यावर दाखवायचे आणि एकमेकांचे बघायचे. चारुशीलाताई पहिल्यांदा तिथे गेल्या तेव्हा त्यांचे फोटो सगळ्यांना आवडले. उजेड छान पकडलाय, चौकट छान आहे, असं जो तो म्हणाला. मागच्या रांगेतली एक सावळी, उंच बाई तेवढी गप्प होती. शेवटी तिनं विचारलं,

"ताई, तुमच्या गावात मानसं नाही राहात का?"

हॉलमध्ये हशा पिकला. ताईंना ते लागलं. परतताना बसमध्ये त्यांनी ठरवलं की पुन्हा काही इथे यायचं नाही.

ती बाई म्हणजे पौर्णिमा. माहेर आणि सासर दोन्ही अकोटकडचं, शेतीतलं. बी.कॉम. झालेली. नवऱ्याबरोबर, नितेशबरोबर, तिनं अकोल्यात स्टुडिओ टाकला होता. लग्नं आणि बारशी ती शूट करायची, अल्बम नितेश करायचा. बाईमाणूस फोटो काढायला येतंय म्हणून सुरुवातीला लोक कुरकुरले, मग तेच लोक तिच्या तारखा बघून मुहूर्त काढू लागले, असं ती सांगायची. त्यात थोडी अतिशयोक्ती असावी, पण फार नसावी.

दोन दिवसांनी तिचाच फोन आला. माफी वगैरे काही मागितली नाही. म्हणाली, "बुधवारी अकोटले या. कॅमेरा आणा, पण लगेच काढू नका."

का कोण जाणे, ताई गेल्या. पौर्णिमा त्यांना एका जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढतात त्या कारखान्यात, घेऊन गेली. कापसाचे ढीग, यंत्रांचा आवाज, आणि हवेत सगळीकडे उडणारी रुई. तोंडाला फडकं बांधलेल्या बाया कापूस ओढत होत्या. पौर्णिमा सरळ त्यांच्यात जाऊन बसली. कोणाची सून बाळंत झाली, कोणाचं गुडघ्याचं दुखणं काय म्हणतंय, सगळं तिला माहीत होतं. चहा आला, तो प्यायला. ताईंच्या केसांत रुई अडकली तेव्हा जमुना नावाच्या एका म्हाताऱ्या बाईनं ती बोटांनी काढून टाकली आणि त्यांच्या तोंडाकडे बघत हसली. पौर्णिमा हळूच म्हणाली, "आता काढा. फोटो काढाच्या आंधी त्याईले आपल्याले पाहू द्या लागते."

ताईंनी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा एका माणसाचा फोटो हातभर अंतरावरून काढला. भुवयांवर रुई बसलेली जमुनाबाई त्यांच्याकडे बघत होती, आणि ताईंनी घाईत बटण दाबलं म्हणून फोटो किंचित हलला होता. तरी तो त्यांना त्यांच्या सगळ्या दारांपेक्षा आवडला.

तिथून त्यांची मैत्री सुरू झाली. वयात वीसेक वर्षांचं अंतर. एकीचं बोलणं पुस्तकी, दुसरीचं रोखठोक. पण फोटोच्या बाबतीत एकीचं दुसरीशिवाय चालेना. बाजाराच्या दिवशी दोघी नांदगाव खंडेश्वरला जायच्या, भाजीवाल्यांमध्ये बसायच्या. पौर्णिमा माणसांच्या घोळक्यात घुसायची आणि ताई तिला थांबायला शिकवायच्या. ऊन भिंतीवरून खाली उतरू दे, मग बघ, असं त्या म्हणायच्या. पौर्णिमाला थांबणं जमत नसे, तरी ती थांबायची, आणि मग तिच्या लग्नाच्या फोटोंमध्येही फरक दिसू लागला. मांडवाच्या कडेला एकटी बसलेली नवरीची आई, हळद उतरल्यावर पाय धूत बसलेली करवली, असं काहीबाही ती टिपू लागली. "गिऱ्हाईक म्हन्ते हे कायले काढलं, अन मंग तोच फोटो मोठा करून मागते," असं सांगताना ती खूश असायची.

ताईंच्या जिनिंगमधल्या बायांच्या फोटोंना पुण्याच्या एका प्रदर्शनात बक्षीस मिळालं. तिथे बोलताना त्यांनी सांगितलं की हे फोटो माझे आहेत, पण त्यांच्यापर्यंत मला पौर्णिमानं हाताला धरून नेलं. पौर्णिमा समोरच बसली होती. तिनं पदर तोंडावर घेतला. नंतर परतीच्या गाडीत म्हणाली की तिचं नाव असं कोणी माईकवर कधी घेतलं नव्हतं.

त्याच हिवाळ्यात तिच्या पोटात दुखायला लागलं. अकोल्यातल्या डॉक्टरांनी नागपूरला पाठवलं. नागपूरच्या तपासण्यांत कॅन्सर निघाला, तोही पसरलेला. नितेशनं फोनवर सांगितलं तेव्हा ताई गॅससमोर उभ्या होत्या. दूध उतू गेलं आणि मोरोपंतांनी येऊन गॅस बंद केला.

औषधोपचार सुरू झाले. केस गेले, गालांची हाडं वर आली. ताई दर आठवड्याला अकोल्याला जायच्या. एकदा नितेश औषधं आणायला बाहेर गेला असताना पौर्णिमानं त्यांना सांगितलं, "ताई, माहे फोटो काढा."

ताई म्हणाल्या, बरी झालीस की काढू.

पौर्णिमानं मान हलवून नाही म्हटलं. मग तिनं सांगितलं ते ताईंना तोवर माहीत नव्हतं. तिची आई ती तीन वर्षांची असताना गेली. घरात आईचा एकच फोटो होता, अकोटच्या कुठल्याशा फोटोवाल्यानं मोठा करून रंगवलेला. गोरे गाल, लाल ओठ, कधी अंगावर न घातलेले दागिने, कोणा दुसरीचंच लुगडं. आत्या म्हणायच्या की तुझी माय काळी होती, दात पुढे होते, हसली की घर हसायचं. फोटोत त्यातलं काहीच नव्हतं.

"त्या फोटोतली बाई कोन हाये, मले अजून नाही समजलं," ती म्हणाली. "मी त्याच्यासाठीच कॅमेरा धरला, ताई. अवनीले तसं नको व्हाले. तिनं मले आता पाह्यलं हाये, अशी. उद्या भिंतीवर दुसरीच बाई लटकवली, तर तिले वाटंन आपल्यालेच चुकीचं आठवते."

अवनी म्हणजे तिची मुलगी, तिसरीतली. शेजारच्या खोलीत गृहपाठ करत होती.

पुढच्या खेपेला ताई कॅमेरा घेऊन गेल्या. दिवसभर त्यांनी फोटो काढले. खिडकीतून पलंगावर पडलेलं ऊन, स्टुलावरच्या औषधाच्या बाटल्या, चादरीवरचा एक हात. संध्याकाळी पौर्णिमानं ते सगळे कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघितले. रागावली नाही. थकलेल्या आवाजात एवढंच म्हणाली, "पुन्हा दारंच काढले तुमी."

मग तिनं पलंगावर सरकून जागा केली आणि ताईंना जवळ बसवलं. डोक्याचा रुमाल सोडला. ताई किती तरी वेळ नुसत्या बघत राहिल्या आणि पौर्णिमा त्यांच्याकडे बघत राहिली, जशा त्या दोघी अनोळखी बायांसमोर बसत असत तशा. ताईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पौर्णिमानं ते पुसायला सांगितलं नाही. ती म्हणाली, "काढा. तुमाले दिसत नसंन तरी काढा."

त्यानंतरच्या महिन्यांत ताईंनी तिला खूप वेळा टिपलं. जेवण जात नसताना ताटाकडे बघणारी, फोनवर एका नवरीच्या आईला दुसऱ्या फोटोग्राफरचा नंबर देणारी, वेदनेनं उशी आवळून धरणारी. अवनी एकदा आईच्या गुळगुळीत डोक्यावर खोबरेल तेल चोळत होती आणि दोघी कशावरून तरी इतक्या हसत होत्या की पौर्णिमाचे पुढे आलेले दात सगळे दिसत होते. तो फोटो तिला सगळ्यात आवडला. हा अवनीले, असं तिनं ताईंकडून कबूल करून घेतलं. नितेशलाही तिनं तेच सांगितलं. नितेश मान हलवायचा आणि खोलीतून बाहेर जायचा.

होळीच्या आधी ती गेली. मोरोपंत ताईंना एकटं सोडायला तयार नव्हते, ते बरोबर आले. अकोल्यातलं सगळं मंडळ आलं होतं. तिनं ज्यांची ज्यांची लग्नं शूट केली होती, त्या कितीतरी पोरी कडेवर मुलं घेऊन आल्या होत्या.

तेराव्याला ताई पुन्हा गेल्या. समोरच्या भिंतीवर हार घातलेला फोटो होता. ताईंनीच काढलेला, तेल लावतानाचा. नितेशनं फोनवर मागून घेतला होता. फक्त अवनीचा हात त्यात नव्हता, आणि पौर्णिमाच्या डोक्यावर दाट काळे केस होते. गाल भरलेले होते, रंग उजळ होता, दात आत घेतले होते. सगळं इतक्या सफाईनं केलेलं की नवख्याला कळलं नसतं. नितेशचा हात त्या कामात बसलेला होता. आयुष्यभर त्यानं दुसऱ्यांच्या नवऱ्या सुंदर केल्या होत्या.

अवनी त्या फोटोखाली बसली होती आणि वर बघत नव्हती.

ताईंना ओरडावंसं वाटलं. पण नितेशची दाढी वाढली होती, शर्टाची बटणं चुकीच्या काजांत होती. तो स्वतःच त्यांना मागच्या ओसरीवर घेऊन गेला.

"मले माहीत हाये ती काय म्हने," तो म्हणाला. "पन मले तशी नाही पाहवत, ताई. रात्रभर बसलो अन तिचे केस लावले. एक एक. लावता लावता वाटलं, ती वापस येऊन राहिली."

ताईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यानं विनवलं की बाकीचे फोटो अवनीला दाखवू नका, शक्य असेल तर पुसूनच टाका. ताई म्हणाल्या की पुसणं त्यांच्याकडून होणार नाही, पौर्णिमाला दिलेला शब्द आहे. पण त्याच्या परवानगीवाचून त्या कोणाला दाखवणारही नाहीत. तो म्हणाला, मग राहू द्या तुमच्यापाशी.

नंतर किती तरी महिने ताईंनी कॅमेऱ्याला हात लावला नाही. मोरोपंतांनी एकदा तळ्यावर चल म्हणून बघितलं. त्या गेल्या, बाकावर बसल्या आणि परत आल्या.

दिवाळीनंतर पुष्करनं मंडळाची बैठक ठेवली. प्रत्येकानं पौर्णिमानं काढलेला एक फोटो दाखवायचा आणि तिच्याकडून काय मिळालं ते सांगायचं. शेषराव नावाचे निवृत्त पोस्टमास्तर पक्ष्यांचे फोटो काढायचे. ते म्हणाले की पाखरामागचं शेत आणि शेतातला माणूस दिसायला लागला तो तिच्यामुळे. साधना नावाची मुलगी आता स्वतः लग्नं शूट करते. तिचं पहिलं काम पौर्णिमानंच आपल्या हातचं सोडून तिला दिलं होतं. ताईंची पाळी आली. त्यांनी पौर्णिमानं टिपलेला, पाय धुणाऱ्या करवलीचा फोटो लावला.

"मी तिला उजेडाची वाट बघायला शिकवलं असं ती म्हणायची," त्या म्हणाल्या. "तिनं मला माणसाजवळ जायला शिकवलं. आता जवळ गेल्याचं फार दुखतं. तरी मी तिची ऋणी आहे. दूरच राहिले असते तर मला ती दिसलीच नसती."

नितेश अवनीला घेऊन मागे उभा होता. बैठक संपल्यावर अवनी ताईंपाशी आली. उंची वाढली होती. तिनं विचारलं, "तुमच्यापाशी माह्या मम्मीचे फोटो हाये ना? खरे?"

ताईंनी नितेशकडे बघितलं. त्याचं तोंड कसनुसं झालं. "आज नाही, बेटा," तो म्हणाला.

ताई खाली वाकल्या आणि अवनीला म्हणाल्या, "आहेत. माझ्याजवळ आहेत."

"वाईट दिसते का ती त्याच्यात?"

"नाही ग."

अवनीनं मान हलवली आणि बापाचा हात धरून गेली. जाताना नितेशनं ताईंकडे वळून बघितलं, हात जोडले. ते कशासाठी, माफीसाठी की अजून थोडं थांबा म्हणून, हे ताईंना उमगलं नाही.

अमरावतीच्या बसमध्ये त्यांना खिडकीची जागा मिळाली. मूर्तिजापूर मागे पडलं आणि त्यांना रडू आलं, ते आवरेना. शेजारी मांडीवर पिशवी घेऊन बसलेल्या बाईनं आधी दुर्लक्ष केलं, मग पाण्याची बाटली पुढे केली. कोण गेलं, असं तिनं विचारलं. ताईंनी नाव सांगितलं.

"कोन होती तुमची?"

बहीण नव्हे, मुलगी नव्हे, विद्यार्थिनी तर नव्हेच.

"आम्ही दोघी फोटो काढायचो," त्या म्हणाल्या.

बाईला ते पुरलं असावं. तिनं पिशवी खाली पायांशी ठेवली, ताईंचा हात आपल्या हातात घेतला आणि बडनेरा येईपर्यंत तसाच धरून ठेवला.